पळपुटा हा शब्द अपुरा आहे

प्रिय सुधाकर,

पत्र पोचलं. दुसऱ्या बाजीरावाला तू एका शब्दात निकालात काढलंस, ‘पळपुटा’. तोच शब्द डोक्यात घोळवत परवा पर्वती चढलो. ५ नोव्हेंबर १८१७ ची, इंग्रजांशी झालेली खडकीची लढाई ज्या खिडकीतून त्यानं पाहिली म्हणतात, तिथे उभा राहिलो. आता समोर नुसत्या इमारती.

पळण्याचं मला एवढं वावडं नाही रे. राजाराम महाराजही जिंजीला गेलेच की! पण मागे संताजी-धनाजी झुंजत होते. याच्यासाठी सेनापती बापू गोखले आष्टीला पडले, आणि धनी तिथूनही निसटला. बाकीची माणसं यानं स्वतःच घालवली होती.

मला विचारशील तर सगळं बिघडलं एप्रिल १८०१ मध्ये. विठोजी होळकर हाती लागला होता. बंडखोर खरा, पण कैदेत ठेवून त्याचा भाऊ यशवंतराव, त्याच्याशी बोलणी करता आली असती. यानं त्याला शनिवारवाड्यापुढे हत्तीच्या पायाला बांधून मारवलं आणि वरून बघत बसला. घराण्याचा जुना राग निघाला, दौलत गेली चुलीत! दीड वर्षात, ऐन दिवाळीत, यशवंतरावानं हडपसरला शिंदे-पेशव्यांची फौज मोडली. ‘परत या’ म्हणून तो निरोप धाडत होता. पण हा कोणत्या तोंडानं येणार? सिंहगड, महाड, मग इंग्रजांच्या जहाजातून वसई. तिथे ३१ डिसेंबर १८०२ ला तह: इंग्रजांची सहा हजार फौज पदरात आणि तिच्या खर्चापायी २६ लाखांचा मुलूख हातचा गेला. भित्रेपणाहून त्याचा डूखच महाग पडला बघ.

कीवही येते. बापाच्या, म्हणजे राघोबाच्या, उद्योगांपायी पोरपण नजरकैदेत गेलं, शेवटी तर शिवनेरीवर. तिथे गोड बोलावं आणि कुणावर विश्वास टाकू नये, एवढंच तो शिकला. पण १७९६ ला पेशवाईची वस्त्रं मिळाली तेव्हा एकवीस वर्षांचा होता. पुढे मामलती, म्हणजे महसूल वसुलीचे हक्क, इजाऱ्यानं दिल्या, जास्त बोली लावेल त्याला. इजारदार वर्षाच्या आत पैसा वसूल करणार, म्हणजे कुणब्याच्या घरातलं भांडंकुंडं बाहेर. त्या रयतेनं याच्यासाठी का म्हणून मरावं?

१८१८ च्या जूनमध्ये इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाला. सालाना आठ लाख पेन्शन घेऊन कानपूरजवळच्या बिठूरला १८५१ पर्यंत जगला.

आलास की पर्वती नको. शनिवारवाड्यासमोर उभे राहू, मग तुझा तो शब्द पुन्हा सांग.

तुझा,
अनंत