वैद्यकीय इच्छापत्रात अन्नपाण्याची ओळ वेगळी हवी: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी 'कॉमन कॉज' खटल्यात वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे लोक ज्याला लिव्हिंग विल म्हणतात त्याला, मान्यता दिली: आपण बोलू शकणार नाही तेव्हा कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हे आधीच लिहून ठेवणारे हे पत्र. २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची पद्धत बरीच सोपी केली. मुंबई उच्च न्यायालयातल्या जनहित याचिकेनंतर राज्याने नागरी संस्थांमध्ये ही पत्रे सांभाळणारे कस्टोडियन नेमले. इथपर्यंतचे काम स्वागतार्ह आहे. आम्ही वसई आणि मुंबई परिसरातल्या कॅथॉलिक परिचारिका, डॉक्टर, वकील आणि धर्मगुरू आहोत. शासनाने इच्छापत्राचा मराठी नमुना सर्वत्र उपलब्ध करावा आणि त्यावर सही करताना श्रद्धावान माणसाला आपल्या विवेकाशी तडजोड करावी लागू नये, ही आमची मागणी आहे.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. चर्चला शेवटच्या श्वासापर्यंत व्हेंटिलेटर हवा असतो, असे पुष्कळ कॅथॉलिक कुटुंबे धरून चालतात आणि डॉक्टरही. तसे नाही. पोप पायस बारावे यांनी नोव्हेंबर १९५७ मध्ये भूलतज्ज्ञांसमोर बोलताना स्पष्ट केले होते की माणूस साधारण उपायांनाच बांधील आहे; स्वतःवर किंवा इतरांवर भारी ओझे टाकणाऱ्या उपायांना नाही. १९८० च्या व्हॅटिकनच्या जाहीरनाम्यात, कॅथॉलिक धर्मशिक्षण ग्रंथाच्या २२७८ व्या परिच्छेदात आणि २०२० च्या 'समारितानुस बोनुस' या पत्रातही तीच भूमिका आहे: अपेक्षित फायद्याच्या मानाने फार जड, धोकादायक किंवा अवाजवी ठरणारे उपचार नाकारता येतात. त्यात मृत्यू घडवण्याचा हेतू नसतो. तो आपण थोपवू शकत नाही, एवढेच मान्य केलेले असते. इंजेक्शन देऊन जीवन संपवणे चर्चला अमान्य आहे आणि भारतीय कायद्यालाही. म्हणून न्यायालयाची चौकट आणि चर्चची शिकवण बहुतेक ठिकाणी एकाच वाटेने जातात.

वाटा वेगळ्या होतात त्या अन्नपाण्याच्या नळीपाशी. न्यायालयाच्या दृष्टीने नाकातून किंवा पोटातून नळीने दिलेले अन्न हा वैद्यकीय उपचार आहे आणि अटी पूर्ण झाल्या तर तो थांबवता येतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २० मार्च २००४ रोजी सांगितले की दीर्घकाळ बेशुद्धावस्थेत असलेल्या रुग्णालाही नळीने दिलेले अन्नपाणी तत्त्वतः साधारण शुश्रूषाच आहे. व्हॅटिकनने ऑगस्ट २००७ मध्ये त्याला दुजोरा दिला. यालाही मर्यादा आहे. शरीर अन्न पचवू शकत नसेल, पोटात साचून उलटी फुप्फुसात जात असेल, किंवा नळीचाच त्रास मोठा झाला असेल, तर ती बंद करणे चर्चच्या शिकवणीत बसते. कॅन्सरच्या शेवटच्या दिवसांत असे बहुधा होतेच: आतडी काम थांबवतात, सलाइनचे पाणी फुप्फुसात आणि पायांत उतरते, घशात घरघर वाढते. तिथे सलाइन कमी करणे ही दया आहे. पण मेंदूला मार लागून वर्षानुवर्षे स्थिर असलेला रुग्ण अन्न पचवत असतो. त्याचे अन्न थांबवले तर तो आजाराने जात नाही, उपासमारीने जातो. या दोन रुग्णांना एकाच टिकमार्कखाली आणणारा छापील अर्ज कॅथॉलिक माणूस भरू शकत नाही.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात हल्ल्यानंतर अनेक दशके मेंदूला इजा झालेल्या अवस्थेत असलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांचे अन्न थांबवण्याची याचिका ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली, कारण केईएमच्या परिचारिका आणि कर्मचाऱ्यांना त्यांची काळजी घेत राहायची होती. त्या बायकांनी भरवणे हे औषधोपचारापेक्षा वेगळे मानले होते, आणि त्या काही सगळ्या कॅथॉलिक नव्हत्या.

म्हणून नमुन्यात 'जीवरक्षक उपचार नकोत' अशी एकच ओळ नको. व्हेंटिलेटर, छाती दाबून हृदय सुरू करणे, डायलिसिस, रक्तदाब टिकवणारी औषधे, अँटिबायोटिक, रक्त, नळीने अन्न आणि शिरेतून पाणी या आठ गोष्टी आठ ओळींत असाव्यात. प्रत्येकीसमोर तीन पर्याय असावेत: हवे, नको, आणि 'ठरावीक मुदतीपुरते करून पाहा, उपयोग नसेल तर थांबवा'. तिसरा पर्याय सर्वांत महत्त्वाचा. पन्नाशीतल्या माणसाला न्यूमोनिया झाला तर पाच दिवसांचा व्हेंटिलेटर त्याला घरी पाठवू शकतो. तेच यंत्र सर्वत्र पसरलेल्या कॅन्सरमध्ये फक्त मरण लांबवते. यंत्राच्या नावावरून ते वाजवी की अवाजवी हे ठरत नाही. आजार, वय, त्रास आणि आशा एकत्र पाहावी लागते.

'मला मशीनवर ठेवू नका' एवढेच लिहिलेले इच्छापत्र का अडते, हेही इथेच सांगायला हवे. २०१८ च्या निकालानुसार मजकूर संदिग्ध असेल तर वैद्यकीय मंडळाने तो अमलात आणायचा नाही. इच्छापत्र नसलेल्या रुग्णाची पद्धत लावायची. म्हणजे लिहून ठेवलेले सगळे वाया. आमच्याकडे येणाऱ्यांना आम्ही पुढील मजकूर सुचवतो. तो शासनाच्या नमुन्यात ऐच्छिक परिच्छेद म्हणून यावा:

"मी कॅथॉलिक आहे. माझा मृत्यू घडवून आणण्याच्या हेतूने काहीही करू नये किंवा थांबवू नये. असाध्य आजाराच्या अखेरच्या अवस्थेत, ज्या उपचारांचे ओझे त्यांच्या फायद्यापेक्षा जास्त आहे ते सुरू करू नयेत, सुरू असल्यास थांबवावेत. नळीने अन्नपाणी माझे शरीर स्वीकारत असेल तोवर द्यावे. ते पचत नसेल किंवा त्याने त्रास वाढत असेल तर थांबवावे. वेदना आणि धाप यांवर पूर्ण उपचार करावेत, त्यामुळे गुंगी आली तरी चालेल. मात्र शुद्ध हरपण्याआधी धर्मगुरूंना बोलवावे."

कितीही काटेकोर लिहिले तरी आजार कागदाबाहेर जातोच. त्यामुळे इच्छापत्राचा खरा कणा म्हणजे रुग्णाच्या वतीने बोलणारी व्यक्ती. न्यायालयाने २०२३ मध्ये एकाहून अधिक व्यक्ती नेमायची मुभा दिली. वसईत हे फार उपयोगी आहे, कारण अनेकांची मुले आखातात किंवा कॅनडात असतात. पण दोन भावंडांची नावे नुसती शेजारी शेजारी लिहिली की आयसीयूच्या दारात वाद ठरलेला. नमुन्यात 'पहिली व्यक्ती' आणि 'ती उपलब्ध नसल्यास दुसरी' असे रकाने असावेत, आणि दोघांपैकी किमान एक जण रुग्णालयात काही तासांत पोचू शकेल असा असावा, ही सूचना तिथेच छापावी. अशा व्यक्तीने चर्चची शिकवण समजून घेतलेली असावी, हे सांगणे आमचे काम आहे. ते आम्ही करू.

आता कागदोपत्री अडचणी. इच्छापत्र लिहिणारी व्यक्ती सज्ञान आणि सुदृढ मनाची हवी. दोन साक्षीदारांसमोर सही, शक्यतो त्रयस्थ. मग नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकन. २०१८ मधली न्यायदंडाधिकाऱ्याच्या सहीची अट आता नाही. तरीही काही ठिकाणी लोकांना कोर्टात पाठवले जाते, स्टॅम्प पेपर मागितला जातो. निकालात स्टॅम्प पेपरची अट नाही; एका परिपत्रकाने हे मिटेल. इच्छापत्र स्वेच्छेने आणि समजून केल्याची खात्री पटल्याचे नोटरीने नोंदवायचे असते. घाईत नुसता शिक्का मारला की ते वाक्य राहून जाते आणि पुढे रुग्णालयाचा वकील तिथेच बोट ठेवतो. हे वाक्य नमुन्यातच छापलेले असावे. वारसदार मुलगा साक्षीदार नसावा, हेही समासात लिहावे.

प्रत मग कस्टोडियनकडे जाते. महापालिकेच्या शहरात हे शक्य आहे. वसईतल्या ग्रामपंचायतीच्या गावांत ते कोणाकडे द्यायचे हे लोकांना माहीत नसते. निकालात पंचायतीचा स्पष्ट उल्लेख आहे. प्रत्येक पंचायतीत नोंदवही, क्रमांक आणि तारखेची पोच हवी. इतकेच पुरत नाही. रुग्ण अत्यवस्थ असताना डॉक्टरने पत्राचा खरेपणा डिजिटल आरोग्य नोंदीतून किंवा कस्टोडियनकडून तपासायचा असतो. ही वेळ शनिवारी रात्री अकराची असू शकते, आणि कार्यालय सोमवारी उघडते. त्या दोन दिवसांत रुग्णाला नळ्या घातल्या जातात, आणि न घालण्यापेक्षा काढणे सगळ्यांनाच कठीण जाते. जिल्हावार चोवीस तास फोन आणि स्कॅन केलेली प्रत, याला पर्याय नाही.

रुग्णालयातली पायरी: उपचार करणारा डॉक्टर आणि पाच वर्षांच्या अनुभवाचे किमान दोन तज्ज्ञ यांचे प्राथमिक मंडळ; इच्छापत्र अमलात आणायचे का, याचा निर्णय शक्यतो ४८ तासांत. मग दुसरे मंडळ: जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले किमान दोन तज्ज्ञ, तेही शक्यतो ४८ तासांत. आपल्या राज्यात सिव्हिल सर्जन आहेत, जिल्हा परिषदेचे आरोग्य अधिकारी आहेत, महापालिकेचे वेगळे आहेत. 'मुख्य' कोण, हे प्रत्येक जिल्ह्यासाठी नावानिशी जाहीर हवे, आणि डॉक्टरांची यादी आधीच तयार हवी. पंचवीस खाटांच्या रुग्णालयात एवढे तज्ज्ञ नसतात. पालघरसारख्या जिल्ह्यात तर ही यादी सर्व रुग्णालयांसाठी सामाईकच असावी लागेल. शेवटी न्यायदंडाधिकाऱ्यांना निर्णय कळवायचा असतो. परवानगी मागायची नसते. हा फरक न कळल्यामुळे उत्तराची वाट पाहत बसण्याची वेळ कोणावर येऊ नये.

हे सगळे अवघड वाटले की रुग्णालय कुटुंबाला 'स्वतःच्या जबाबदारीवर घरी न्या' म्हणते. मग रुग्ण घरी जातो तो मॉर्फिनशिवाय आणि ऑक्सिजनशिवाय. मृत्यूनंतर कारणाचा दाखला, म्हणजे घरच्या मृत्यूसाठीचा ४ अ नमुना, द्यायला डॉक्टर सापडत नाही. उपचार थांबवणे आणि रुग्णाला सोडून देणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि कॅथॉलिक शिकवण दुसऱ्या गोष्टीला कधीच मान्यता देत नाही. २०१४ च्या दुरुस्तीनंतर अमली पदार्थ कायद्यात मॉर्फिनसाठी मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेची एकच नोंदणी लागते. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयाने ती घ्यावी. तोंडाने घ्यायचे साधे मॉर्फिन दर चार तासांनी, सोबत पोट साफ राहण्याचे औषध, मूत्रपिंड कमजोर असेल तर कमी मात्रा: हे शिकवायला फार दिवस लागत नाहीत. वांद्र्याचे शांती आवेदना सदन १९८६ पासून कॅन्सरच्या अखेरच्या रुग्णांची शुश्रूषा करत आहे. शिकायला लांब जायची गरज नाही. वेदनाशामकामुळे आयुष्य थोडे कमी होण्याची शक्यता असली तरी हेतू वेदना शमवण्याचा असेल तर ते योग्य, हे पायस बारावे यांनीच १९५७ मध्ये मान्य केले आहे. कॅथॉलिक कुटुंबांनी मॉर्फिनला घाबरू नये, हे आम्ही व्यासपीठावरूनही सांगतो.

अवयवदानाची ओळ नमुन्यात असावीच. चर्चला ते मान्य आहे. पण 'व्हेंटिलेटर नको' लिहिलेल्या माणसाला अवयव द्यायचे असतील तर मेंदूमृत्यूच्या दोन तपासण्यांत किमान सहा तासांचे अंतर लागते, आणि तोवर आणि अवयव काढून घेईपर्यंत त्यांना रक्तपुरवठा टिकवावा लागतो. 'मेंदूमृत्यू तपासणी आणि अवयवदानापुरता व्हेंटिलेटर चालेल' असे वेगळे लिहिले नाही तर दोन्ही इच्छा एकमेकींना छेद देतात.

राहिला धर्मगुरूंचा प्रवेश. आजाऱ्याच्या अभ्यंगाचा संस्कार जिवंत माणसालाच देता येतो, आणि शुद्धीत असताना दिला तर रुग्ण पापनिवेदन करू शकतो, अखेरचा ख्रिस्तप्रसाद (पवित्र केलेली भाकर) घेऊ शकतो. गिळता येत नसेल तर अगदी छोटा कण किंवा द्राक्षारसाचा थेंब चालतो. कपाळाला आणि हातांना तेल, दहाएक मिनिटांची प्रार्थना. ऑक्सिजन चालू असताना मेणबत्ती लावायची नाही, हात धुऊन, गाऊन घालून आत यायचे. मृत्यू आयसीयूच्या भेटीच्या वेळांसाठी थांबत नाही. गुंगीचे औषध सुरू करण्याआधी आणि व्हेंटिलेटर काढण्याआधी कुटुंबाला 'कोणाला बोलवायचे आहे का?' असे विचारणे तपासयादीत घालावे, आणि शासकीय रुग्णालयांत त्यासाठी कोणत्याही वेळी प्रवेश मिळावा. गंगाजल देणाऱ्या मुलालाही आणि कलमा म्हणणाऱ्या भावालाही तोच हक्क मिळेल.

यातल्या बहुतेक गोष्टींना नवा कायदा लागत नाही. शासन निर्णय, परिपत्रक आणि सुधारित नमुना एवढे पुरे आहे. नमुन्याचा मसुदा, वर दिलेल्या परिच्छेदासह, आम्ही मराठीत तयार केला आहे आणि आपल्या कार्यालयाला सादर करत आहोत. मसुद्यावर चर्चेसाठी आपल्या विभागाने पालघरच्या सिव्हिल सर्जनसह बैठकीची तारीख द्यावी, ही विनंती.

आपले,
वसई आणि मुंबई परिसरातील कॅथॉलिक परिचारिका, डॉक्टर, वकील आणि धर्मगुरू