डिस्कला हात न लावल्याबद्दल आभार

प्रिय भाऊ,

तुमचं बिल मी त्याच दिवशी चुकतं केलं. पण बिलात न मावलेलं बरंच राहिलंय, ते चारचौघांत सांगावं म्हणून हे पत्र.

माझा कॉम्प्युटर बंद पडला, तेव्हा लातूरला तुमच्या दुकानात येण्याआधी मी दुसरीकडे जाऊन आलो होतो. तिथे न बघताच सांगितलं, ‘विंडोज उडालंय, फॉरमॅट मारू, तासाभरात घेऊन जा.’ तुम्ही आधी कॉम्प्युटरचा डबा उघडलात. वायरींच्या जुडग्यातली हिरवी आणि एक काळी तारेच्या तुकड्याने जोडलीत. पंखा हलला नाही. एसएमपीएस, म्हणजे आतला वीज पुरवणारा भाग, गेलेला. नवा बसवल्यावर पडदा उजळला, पण गाडी पुढे सरकेना. मग स्क्रूड्रायव्हरचं टोक हार्ड डिस्कवर टेकवून मूठ कानाला लावलीत, क्षणभर ऐकलंत आणि लगेच वायर उपसलीत. ‘सर, हिला आता सारखं चालू करू नगा. जेवढ्या खेपा कराल तेवढी मरंल.’

माझे खरे आभार या थांबण्याबद्दल आहेत. व्हॉट्सॲपवर एकाने डिस्क फ्रीजरमध्ये ठेवा म्हणून कळवलं होतं, भाचा खोलून बघायला निघाला होता. धुळीचा एक कण आत गेला तरी तबकडीवर चरा पडतो, हे तुम्ही त्याला न रागावता समजावलंत.

त्या डिस्कवर औसा तालुक्यातल्या आमच्या गावच्या विहिरींची पाणीपातळी होती, 2012 पासून दर महिन्याची. मूळ वह्या वाळवीने केव्हाच संपवल्या. मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, त्या 2016 च्या उन्हाळ्यातली टँकरची नोंद आणि घागरींच्या रांगांचे फोटोही त्यातच. रेल्वेवर सगळ्यांनी लिहिलं. आमच्या कोरड्या विहिरींवर कोण लिहिणार?

तुम्ही विंडोजऐवजी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केलंत आणि डीडीरेस्क्यू लावलंत, म्हणजे बिघडलेल्या डिस्कची कॉपी काढणारा प्रोग्रॅम. चांगला भाग आधी उचलायचा, अडलेल्या जागी नंतर यायचं, ही त्याची रीत मला फार पटली. मध्येच लाईट गेली तेव्हा माझाच जीव वर-खाली. तुम्ही मात्र निवांत चहा सांगितलात, कारण कुठवर आलो याची नोंद ते स्वतःच एका फाइलीत ठेवतं. लाईट आल्यावर तिथूनच पुढे. शोधाशोध केलीत तीही सगळी कॉपीवर. मूळ डिस्कवर मार्करने ‘हात लावू नये’ लिहून ती बाजूला ठेवलीत.

फोटोरेक या फोटो शोधून काढणाऱ्या प्रोग्रॅमने काढलेल्या फोटोंची नावं गेली, नुसते आकडे उरले. पण कॅमेऱ्याने फोटोच्या आत लिहिलेली तारीख शाबूत होती. तिच्यावरून तुम्ही एप्रिल 2016 चा ढीग वेगळा करून दिलात. सांगितलेलं कामच एवढं नव्हतं.

जाताना अर्थिंगचं विचारलंत आणि ‘उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी सोडत जा’ म्हणालात. आमच्याकडे मे महिन्यात! तुम्हीही हसलात. आता भांडी विसळलेलं पाणी तिकडे वळवलंय.

एक काम राहिलंय. मारुतीच्या देवळामागच्या विहिरीचं पान उघडतं, पण खालच्या ओळी कोऱ्या दिसतात. तुमच्याकडची कॉपी अजून असेल तर पुसू नका. पुढच्या आठवड्यात नवी डिस्क घेऊन येतो.

तुमचा,
औशाकडचा विहिरीवाला मास्तर