गाणी केवळ स्नेहसंमेलनापुरती नकोत

महोदय,

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने तीन ते आठ हा वयोगट पायाभूत टप्पा मानून त्यात खेळातून शिकण्यावर भर दिला आहे. आमच्या परभणी परिसरातील अनेक वर्गांत मात्र बडबडगीत म्हणजे मोबाइलवर ध्वनिफीत लावून मुलांना माना डोलवायला लावणे, एवढाच अर्थ उरला आहे. (खेळ प्रत्यक्ष घ्यायला वेळ नाही म्हणावे, तर स्नेहसंमेलनाच्या तालमींना वेळ कसा मिळतो, हे कोडेच आहे.)

मुले गोल करून आपडी-थापडी खेळतात तेव्हा समोरच्याच्या तळव्यावर नेमक्या ठेक्याला टाळी पडावी लागते. त्यासाठी ऐकणे, थांबणे आणि आपली पाळी ओळखणे आपोआप घडते, आणि शब्दांचे आवाज सुटे होऊन कानात बसतात, ज्याचा पुढे अक्षरओळखीला उपयोग होतो. तांड्यावरून येणाऱ्या, घरी गोरबोली ही बंजारा समाजाची भाषा बोलणाऱ्या मुलाला पहिल्या दिवशी मराठीत उत्तर देता येत नाही; पण घोळक्यात टाळी देत धृपद म्हणायला त्याला संकोच वाटत नाही. आईवडिलांसोबत ऊसतोडीला जाऊन वसंत ऋतूत परतणाऱ्या मुलांनाही वर्गात पुन्हा मिसळण्याची हीच सोपी वाट आहे.

याला साहित्य लागत नाही, व्हरांडा पुरतो. आसपासच्या शाळांच्या गटासाठी होणाऱ्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदांमध्ये अहवालवाचन थोडे आवरून शिक्षकांकडून आणि अंगणवाडीताईंकडून हे खेळ प्रत्यक्ष खेळून घ्यावेत, तसेच फुगडी-झिम्म्याची गाणी येणाऱ्या गावातील आजीबाईंना आठवड्यातून एकदा वर्गात बोलवावे, अशी शिक्षण विभागाला विनंती आहे.

– एक पालक, परभणी