विषय : बारावीच्या गणित-फिजिक्स शिकवणीबाबत तक्रार आणि उरलेली फी परत मिळणेबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. जूनमध्ये आपल्या सांगलीच्या केंद्रात तिचं नाव घातलं, दहा महिन्यांचे ४५,००० रुपये एकरकमी भरले. सीईटीच्या २०० गुणांपैकी १५० गुण गणित आणि फिजिक्सचे, म्हणून हेच दोन विषय घेतले. बॅचला दहाच मुलं आणि वर्षभर एकच सर, असं प्रवेशाच्या वेळी सांगितलं होतं. प्रत्यक्षात बॅचला अठ्ठावीस मुलं, आणि चार महिन्यांत फिजिक्सचे तिसरे सर.

तेही सोसलं असतं. पण रोटेशनलच्या, म्हणजे फिरत्या वस्तूंच्या धड्यात सरांनी सांगितलं, की सारख्या वजनाचे आणि सारख्या त्रिज्येचे भरीव आणि पोकळ सिलिंडर उतारावरून सोडले तर एकदमच खाली पोचतात. मुलीने विचारलं, दोन्हींचं मोमेंट ऑफ इनर्शिया (फिरायला होणारा विरोध) वेगळं असताना असं कसं? "सीईटीला कारण विचारत नाहीत, लिहून घे," म्हणून तिला खाली बसवलं.

मी कुपवाड एमआयडीसीत लेथवर काम करतो. शिक्षण आयटीआयपर्यंतच, पण फ्लायव्हीलचं, म्हणजे यंत्राच्या जड चाकाचं, वजन कडेला का ठेवतात हे मला ठाऊक आहे : वजन कडेला असलं की चाक फिरवायलाही जड आणि थांबवायलाही. सारख्या व्यासाचा एक भरीव तुकडा आणि एक पाइपचा तुकडा घरी आणला. पलंगाची फळी तिरकी लावून दोन्ही दहा वेळा सोडले. दहाही वेळा भरीव पुढे. मग मुलीने वहीत मांडून दाखवलं : न घसरता गडगडताना भरीवाचं त्वरण (वेग वाढण्याचा दर) जी साइन थीटाच्या, म्हणजे घर्षणाशिवाय नुसतं घसरताना असतं त्या त्वरणाच्या, २/३, पातळ पोकळाचं १/२. वजन आणि त्रिज्या तर गणितातून कटूनच जातात.

ती वही घेऊन आम्ही केंद्रात गेलो. तिथल्या साहेबांनी ती उघडलीसुद्धा नाही. पावतीमागे 'फी परत मिळणार नाही' छापलंय, त्यावर बोट ठेवलं. तेव्हापासून माझी पोर वर्गात तोंड उघडेना. सप्टेंबरअखेर तिचं नाव काढलं.

शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मध्येच शिकवणी सोडल्यास उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत द्यायची असते. सहा महिन्यांचे २७,००० रुपये द्यावेत. नाहीतर मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार आहे.

आणि बाकीच्या सत्तावीस मुलांच्या वहीत ते चुकीचं उत्तर अजून तसंच आहे. पुढच्या तासाला ते दुरुस्त करून सांगावं. फळी आणि तुकडे लागले तर मी आणून देतो.

कळावे,
एक पालक, कुपवाड, जि. सांगली
सोबत : पावतीची आणि वहीच्या पानांची झेरॉक्स