आजारी जर्बिललाही वेळेवर उपचार मिळावेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगाव परिसरात जर्बिल हा उंदरासारखा छोटा प्राणी पाळणारी आमच्यासारखी घरे थोडीच आहेत. पण त्यातला एखादा जीव गंभीर आजारी पडला की ‘उंदीरच तो, दुसरा आणा’ असे सर्रास ऐकावे लागते आणि त्यात उपचाराची वेळ निघून जाते. ती वेळ मुळातच फार थोडी असते. पूर्ण वाढलेल्या जर्बिलचे वजन साधारण 60 ते 100 ग्रॅम, आणि इतरांचे भक्ष्य ठरणारा हा प्राणी आजार शक्य तितका लपवतो. त्यामुळे अंगाचे गोळे करून कोपऱ्यात बसणे, खाणे सोडणे किंवा श्वास घेताना टिकटिक आवाज येणे ही लक्षणे दिसतात, तेव्हा दुखणे बरेच पुढे गेलेले असते. पातळ जुलाब सुरू झाल्यास तर सकाळची वाट पाहू नये.

हा प्राणी मूळचा मंगोलिया आणि उत्तर चीनच्या कोरड्या प्रदेशातला. आपल्याकडे पावसाळ्यात घराच्या भिंतींनाही ओल येते, मग पिंजऱ्यातला भुसा कोरडा कसा राहणार? आजारी जर्बिलचा भुसा म्हणूनच वरचेवर बदलावा. पिंजऱ्याच्या निम्म्या भागाखाली कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची पिशवी ठेवावी, म्हणजे उकडल्यास त्याला दुसऱ्या बाजूला सरकता येते. त्याचे पळण्याचे चाक काढून ठेवावे आणि रोज स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर वजन करावे. तो शुद्धीवर असेल आणि गिळत असेल तरच बिनसुईच्या सिरिंजने तोंडाच्या कडेला थेंबथेंब पाणी द्यावे. संसर्गजन्य आजार नसल्यास जोडीदाराला वेगळे करू नये, कारण काही दिवस दूर राहिलेले जर्बिल पुन्हा एकत्र आल्यावर रक्त निघेपर्यंत भांडू शकतात.

सर्वांत कळकळीने सांगायचे ते औषधांविषयी. गुरांना दिले जाणारे स्ट्रेप्टोमायसिन आणि पेनिसिलिनचे मिश्र इंजेक्शन जर्बिलचा जीव घेऊ शकते, कारण स्ट्रेप्टोमायसिन त्याला विषारी ठरते. घरातल्या गोळीचा तुकडाही अंदाजाने देऊ नये. उलट, वयस्क जर्बिलच्या पोटावरील गंधग्रंथीला येणारी गाठ लहान असतानाच दाखवली, तर ती शस्त्रक्रियेने काढता येते.

आपल्या जिल्ह्यातील पशुवैद्यांचा बहुतेक वेळ गाई-म्हशींना जातो आणि शेतकऱ्यांच्या दृष्टीने ते योग्यच आहे. तरीही बिदर येथील पशुवैद्यकीय विद्यापीठाने सीमाभागातील डॉक्टरांसाठी लहान कृंतक (कुरतडणाऱ्या) प्राण्यांच्या उपचारांचे छोटे प्रशिक्षण ठेवावे, म्हणजे मरणासन्न प्राण्याला घेऊन पुण्याची वाट धरावी लागणार नाही. तसेच 2018 च्या पाळीव प्राणी दुकान नियमांनुसार दुकानांची नोंदणी आणि तेथील प्राण्यांची वैद्यकीय काळजी यांची तपासणी बेळगाव, खानापूर आणि निपाणी येथेही नियमितपणे व्हावी, अशी संबंधित खात्याला विनंती आहे.

आपला,
एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव