तुम्ही इतिहासाची सुरुवात एका मयतापासून केलीत

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

आपल्या मंडळातल्या मुलांना अमेरिकेतल्या मोंटाना राज्याच्या सोन्याच्या खाणींबद्दल सांगायचं ठरलं, तेव्हा तुम्ही स्वतः गाडी काढून मला बॅनॅक या तिथल्या जुन्या खाणगावाला नेलंत. नंतरही माझे फोन वेळीअवेळी घेतलेत. तुमचे आभार चारचौघांत मानायचे होते, म्हणून हे उघड पत्र.

फ्रीमेसन, म्हणजे एकमेकांना बंधू मानणाऱ्या पुरुषांची जुनी संघटना, म्हटलं की बंद दारं आणि गूढ चिन्हं, एवढंच आपल्याकडे बोललं जातं. तुम्ही सुरुवात एका मयतापासून केलीत. १८६२च्या जुलैत बॅनॅकच्या ग्रासहॉपर क्रीक या ओढ्यात सोनं सापडलं, आणि नोव्हेंबरात तिथला विल्यम बेल तापाने गेला. आपला अंत्यविधी मेसन रीतीने व्हावा, ही त्याची शेवटची इच्छा. गावात ना लॉज (मेसनांची शाखा) होतं, ना ते चालवायची सनद. तरी निरोप फिरला. जमायला ठरलेलं खोपटं अपुरं पडलं, मोठी जागा शोधावी लागली. नॅथॅनियल लँगफर्डने विधी केला आणि ७६ मेसन हजर राहिले. काहीशे वस्तीच्या गावात ७६! जो तो आपलं सोनं जपत होता, राजधानी शेकडो मैल लांब, आणि शेजारच्या तंबूतला माणूस आपला आहे हे कितीतरी जणांना त्या दिवशी कळलं. हे सांगताना तुमचा आवाज भरून आला होता, काका.

पण त्याच दमात तुम्ही फाशीच्या जागेकडेही नेलंत. डिसेंबर १८६३मध्ये व्हिजिलांटी, म्हणजे कायदा हातात घेऊन शिक्षा देणारी माणसं, उभे राहिले. त्यांचा अध्यक्ष पॅरिस फाउट्स मेसन होता. पुढच्या जानेवारीत बॅनॅकचा शेरीफ हेन्री प्लमर खटल्याविना फासावर गेला. एकूण वीसहून जास्त माणसं त्यांनी लटकवली. एकमेकांवरच्या विश्वासातून इतकी निर्दय ताकदही उभी राहू शकते, हे मुलांपासून लपवू नका, असं तुम्ही बजावलंत, आणि ते मला मनापासून पटलं. मोंटानाच्या महामार्ग पोलिसांच्या खांद्यावरच्या चिन्हातल्या ३-७-७७ या आकड्यात काही जण बेलसह ते ७७ मेसन पाहतात. पण हा आकडा १८७९मध्ये मोंटानातल्याच हेलेना शहरात पुढे आला, त्या फाशींनंतर पंधरा वर्षांनी. तेव्हा जपून बोला, हेही तुमचंच सांगणं.

बॅनॅकमधली १८७४ची ती दुमजली इमारत मात्र मुलांना सगळ्यात आवडली: खाली शाळा, वर लॉज. बायकांना वर सभासद म्हणून जागा नव्हती, पण खालच्या वर्गात मुलीही शिकल्या. पोटापुरतं सोनं शोधायला आलेल्या माणसांनी स्वतःच्या सभागृहाखाली शाळा बांधली, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

मुलांनी आता विचारलंय की तिथल्या चिनी खाणकामगारांचं काय. त्यांच्याबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे. रविवारी फोन करते. काकूंना नमस्कार.

तुमची कृतज्ञ,
मंडळातली एक ताई