काकांना आठवताना

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

नानाकाकांच्या वर्षश्राद्धाला मी शनिवारी रात्रीच येते आहे. त्याआधी थोडं लिहिते, कारण फोनवर विषय निघाला की आपण तिघंही रडतो आणि बोलायचं ते राहूनच जातं.

गेल्या वर्षी भेटायला आलेला जो तो म्हणत होता, 'संसार सांभाळून छंद जपला हो माणसानं.' मला तेव्हाही ते पटलं नव्हतं. काकांनी दोन्ही वेगळं ठेवलंच कधी? रविवारी पहाटे ते अजिंक्यताऱ्यावर निघाले की अख्खं घर निघायचं. खो-खोचा एवढा चपळ गडी, पण चढावर सगळ्यांच्या मागे, आजीच्या चालीनं. वर मंगळाईच्या देवळापाशी बसून काकडी कापायचे. मीठ-तिखटाची पुडी शर्टाच्या खिशात. सोमवारी तो लाल डाग घासताना काकूचा तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा, तो आपल्या स्वयंपाकघरात ऐकू यायचा!

जेवताना कुणी सगळ्यांच्या आधी पानावरून उठू लागलं की दरडावायचे, 'खो मिळाला का? मग उठलीस कशी? फाऊल!' माझी पोरंही आता हेच ओरडतात.

आई, २०१६ चा १५ ऑगस्ट आठवतो? रिओ ऑलिंपिकला ललिता बाबर ३,००० मीटर स्टीपलचेसची, म्हणजे अडथळ्यांची, अंतिम शर्यत धावत होती. आपल्या माण तालुक्यातली, मोहीची पोरगी, त्यात आधी खो-खो खेळलेली. काका शर्यत संपेपर्यंत टीव्हीपुढे उभेच. ती दहावी आली, आम्ही हिरमुसलो. काका उलट आमच्यावरच डाफरले, 'अगं, पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी आपली बाई ट्रॅकच्या फायनलला पोचली!' आणि चपला घालून कंदी पेढे आणायला गेलेसुद्धा. पदक नसताना पेढे वाटणारं साताऱ्यात आपलं एकच घर असावं.

बाबा, 'नाना गेला, आता कोण जातंय गडावर' हे मी ऐकणार नाही. गुडघ्याचं निमित्तही नको. वर बऱ्याच अंतरापर्यंत डांबरी रस्ता आहे, गाडीनं जाऊ. पुढे तुम्हाला जमेल तेवढं चालू, नाही जमलं तर बसू. श्राद्धाचं आवरलं की दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं. काकूला तुम्हीच विचारा, तुमचा शब्द ती मोडत नाही. काकड्या मी घेऊन येते. मीठ-तिखट मात्र डबीतूनच नेऊ.

तुमची,
धाकटी